कडी बाहेरून होती

"मॅडम, एवढं केलं त्याच्यासाठी, पण पोराला कशाची किंमतच नाही. आमचं काय चुकलं?"

मुलांच्या वागण्याबद्दल पालक माझ्याकडे बोलायला येतात, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की हा प्रश्न येतोच. सहल असो, वाढदिवस असो, घरचं लग्न असो, नेमक्या हौसेच्या दिवशी मूल रडून गोंधळ घालतं आणि चारचौघांत आईवडिलांची मान खाली जाते. घरी आल्यावर मग मनात किडा वळवळत राहतो. मूल लाडावलंय का? कृतघ्न होतंय का? की ह्याला खरंच काही झालंय? त्यातलीच ही एका घराची गोष्ट, पालकांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर नाशिकचं. वडील सातपूरला कारखान्यात, राहायला इंदिरानगरला. मुलाचा वाढदिवस ऐन मे महिन्यात, त्यामुळे वर्गातली मुलं कधीच हाताशी नसतात. नववा वाढदिवस समुद्रावर तंबूत करायचा, असं वडिलांनी ठरवलं. काका-काकू, आत्या, चुलत भावंडं धरून अकरा जण. शनिवारी पहाटे पाचला निघाले, त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणूच्या पुढे बोर्डीकडे. सुरूच्या झाडांत तंबू, समोर समुद्र, रात्री बाराच्या ठोक्याला केक.

केक समोर आला आणि मुलाने तो हाताने ढकलला. "मला नको वाढदिवस. मला घरी जायचंय." भोकाडच पसरलं त्याने. वडिलांनी सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. त्यानंतर मुलगा ओकला. सकाळी नाश्ता न करताच सगळे परत निघाले. चार-साडेचार तास गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

हे सगळं आईने सांगितलं. वडील खिडकीकडे बघत होते. शेवटी एकच वाक्य बोलले, "वाढदिवसाच्या दिवशी हात उचलला मी." ते कशासाठी आले होते ते मला तेव्हा समजलं.

त्यांचं बालपण सिन्नर तालुक्यातलं. वाढदिवस म्हणजे आई ओवाळायची, देवापुढे साखर ठेवायची, झालं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराला द्यायचं, ह्या ओढीने माणूस किती राबतो ते मी रोज बघते, आणि त्या ओढीबद्दल मला फार आदर आहे. पण तिच्यात एक धोका असतो. आपण आपल्या लहानपणाला सहलीला नेतो आणि आज शेजारी उभं असलेलं मूल नजरेतून सुटतं.

मी आधी स्वभावाबद्दल काहीच विचारलं नाही. किती वाजता उठला, काय खाल्लं, पाणी किती प्यायला, शूला कितीदा गेला, एवढंच विचारलं. पालकांना हे विचित्र वाटतं. पण मुलाचं वागणं समजून घ्यायचं तर सुरुवात शरीरापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

वडील म्हणाले, "पण मॅडम, नाशिकला ३९ होतं, तिकडे ३४च. उलट बरंच की!" ह्या हिशोबात बरेच नाशिककर फसतात. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवरची माणसं. आपला उन्हाळा कोरडा, घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावर हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंग चिकट होतं, पण गार होत नाही. रात्रीही सुटका नसते. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे २२-२३पर्यंत उतरतं, तिथे २६-२७च्या खाली सहसा जात नाही. त्यात तंबूचं नायलॉनचं कापड आणि डासांसाठी लावलेली चेन, म्हणजे समुद्राचा वाराही बाहेरच. अशा हवेची शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. ह्या मुलाला मिळाला एक दिवस, तोही पहाटे पाचपासून, घाटाची वळणं आणि दुपारभर ऊन अंगावर घेऊन.

"पाणी तर भरपूर नेलं होतं, चार जार," आई म्हणाली आणि मध्येच थांबली. "त्याची बाटली मात्र परत आणली तशीच होती. गळ्यापर्यंत भरलेली. मी ती तुळशीत ओतली. वाटलं, जारमधलं प्यायला असेल."

पुढच्या खेपेला मी मुलाशी एकट्याशी बोलले. त्या रात्रीचं नाव काढलं नाही. कागद आणि खडू दिले आणि म्हटलं, तिथलं काहीही काढ. मुलं समुद्र काढतात, सूर्य काढतात. ह्याने एक चौकोन काढला. त्यावर काळा खडू इतका दाबून फिरवला की खडू तुटला. मग त्या चौकोनाच्या एका बाजूला छोटीशी आडवी रेघ.

"हे काय रे?"

"कडी. आतून नव्हती. बाहेरून होती."

तो पत्र्याचा संडास होता. पोचल्यावर दुपारी बाराच्या सुमारास तो आत गेला आणि मोठ्या चुलत भावाने गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. आत खिडकी नाही, दिवा नाही, पत्रा तापलेला. दोन मिनिटंच असतील, पण त्या अंधारात ती कोणी मोजली? बाहेर आल्यावर सगळे हसले. मग तोही हसला.

त्यानंतर त्याने ठरवलं की पाणीच प्यायचं नाही. पाणी नाही तर शू नाही, आणि शू नाही तर तिथे जायला नको. नऊ वर्षांच्या मुलाने काढलेला हा बिनचूक उपाय होता. दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत त्या हवेत तो जवळजवळ कोरडा राहिला. डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड ही सगळी उन्हाची आणि पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत. केक ढकलला तो ह्या अवस्थेत.

आणि त्याने सांगण्याचा प्रयत्नही केला होता. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनाच आठवलं. रात्री आठच्या सुमारास ते फुगे बांधत होते, तेव्हा तो येऊन म्हणाला होता, "पप्पा, माझ्याबरोबर चला ना." त्यांनी उत्तर दिलं होतं, "दादाबरोबर जा, मोठा झालास आता."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

मग विचारू लागले, आता काय करू? मी म्हटलं, माफी मागा, आणि त्यात 'पण' येऊ देऊ नका. "मी मारलं, चुकलं, पण तूही सगळ्यांसमोर..." ह्यातला 'पण' आला की मुलाच्या कानात फक्त पुढचं अर्धं राहतं. "आमच्याकडे बाप पोराची माफी मागत नाही," ते म्हणाले. घरी जाऊन मागितली मात्र. चुलत भावालाही घरच्यांनी समोर बसवून सांगितलं, न रागावता. त्या पोराला कल्पनाही नव्हती.

अशीच सहल तुमच्या मनात असेल तर मे टाळा. किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत जा, तंबूतली झोप तेव्हाच लागते. पोचल्यावर समुद्राआधी मुलाचा हात धरून संडास-बाथरूम बघून या. दिवा कुठे, कडी कुठे, रात्री कोणाला उठवायचं, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. टॉर्च त्याच्या उशाशी असू द्या. "पाणी पी रे" असं नुसतं म्हणून भागत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्यांनी मिळून चार घोट प्यायचे आणि शूचा रंग गडद झालाय का, हे मुलालाच बघायला शिकवायचं. केक संध्याकाळी कापा. बारापर्यंत जागण्याची हौस मोठ्यांची असते. आणि मूल बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा ते गळून पडलं, तर समजावत बसू नका. सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ला फोन करा.

असा गोंधळ घरी, शाळेत, सगळीकडेच महिनोन्‌महिने चालला असेल तर मात्र मुलाला दाखवायला हवं, त्यात कमीपणा नाही. ह्या मुलाच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. त्याला त्याची भीती कोणीतरी ऐकायला हवी होती.

जानेवारीत ते पुन्हा तिकडेच गेले, ह्या वेळी फक्त चौघं. आजी चौथी. आल्यावर मुलगा मला भेटायला आला, हातात घोलवडच्या चिकूंची पिशवी. मी विचारलं, संडासाचं काय केलंस?

"कडी अजून तशीच आहे. पण पप्पा बाहेर दाराला पाठ लावून उभे राहतात आणि मोठ्याने पाढे म्हणतात, म्हणजे मला आत ऐकू येतं. त्यांना तेराचा नीट येत नाही. मी आतून सांगतो."