बडोद्यात सुरसागर तळ्याजवळ पाहण्यासारखा जुना मराठी वाडा आहे का?

आहे, तांबेकर वाडा. अगदी काठावर नाही, पण सुरसागरपासून (जुनं नाव चंदन तलाव) रावपुऱ्याच्या बाजूला रमतगमत चालत जाता येतं. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे.

चार मजली इमारत. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटांच्या भिंती, म्हणजे आपला पेशवाई थाटच. बाहेरून बघाल तर म्हणाल, एवढंच? खरी मजा वरच्या मजल्यावर. भिंतीच काय, दारं आणि लाकूडकामही रंगवलंय. कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रज लढाई, आणि मध्येच झग्यातल्या गोऱ्या मडमा! देवादिकांच्या शेजारी त्या कशा आल्या, याचं मला दर वेळी हसू येतं. पण दिवाणांची रोजची ऊठबस रेसिडेन्सीतल्या (संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीतल्या) साहेबांशी, तेव्हा चितारीही तेच बघत असणार.

सकाळी जा. खिडकीतून येणाऱ्या उजेडात पगड्यांचा लाल रंग नीट दिसतो. भिंतींना हात मात्र लावू नका, रंगाचे पोपडे निघतात.