अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सच्या खेळाडूला एमव्हीपी मिळायला हवा का?

हवा, पण दरवर्षी नाही. तुमचा प्रश्न एनएफएलबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगबद्दल आहे असं धरून लिहितोय.

आजवर डिफेन्सचे, म्हणजे समोरच्यांना रोखणारे, दोनच खेळाडू एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू) झालेत, १९७१ मध्ये मिनेसोटाचा ॲलन पेज आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर. मधे १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या मार्क मोस्लीला मिळाला, आणि तो किकर होता, म्हणजे फक्त बॉलला लाथ मारून गुण मिळवणारा! किकरला चालतो, मग डिफेन्सला का नको?

'त्यांच्यासाठी डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर आहे ना' हे उत्तर मला पटत नाही. ऑफेन्ससाठीही (बॉल घेऊन चढाई करणाऱ्यांसाठी) तसाच वेगळा पुरस्कार आहे, तरी क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून चढाई चालवणारे, दोन्हींवर हक्क सांगतातच.

खरी अडचण आकड्यांची आहे. बुमराहच्या ओव्हर्स सांभाळून खेळायच्या आणि समोरच्या बोलरला झोडायचं, तसंच इथेही होतं. तगड्या पास रशरवर (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यावर) त्याला अडवायला दोन-दोन ब्लॉकर लावतात, प्ले त्याच्या विरुद्ध बाजूने चालवतात. सॅक, म्हणजे पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं, शेजारच्याच्या नावावर लागते, याच्या खात्यात काहीच नाही.

२०१४ मध्ये ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटचे आकडे मात्र डोळ्यांत भरणारे होते. साडेवीस सॅक, वर पाच टचडाउन (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपार नेऊन मिळणारे सहा गुण), त्यातले तीन तर ऑफेन्समध्ये टाइट एंड म्हणून उतरून, पास झेलून. बफेलोविरुद्ध समोरचे ह्यूस्टनच्या गोललाइनजवळ येऊन ठेपले होते. क्वार्टरबॅकने छोटा पास टाकला, वॉटने समोरच उडी मारून तो पकडला आणि ८० यार्ड पळत सुटला. इतका धिप्पाड माणूस, आणि मागून कुणालाच गाठता आला नाही. तरी ५० पैकी मतं १३. ग्रीन बेचा क्वार्टरबॅक एरन रॉजर्सला ३१, आणि एमव्हीपी तोच.

विरोधक म्हणतात, २०१३ मध्येही वॉट होताच की, तरी टीम २-१४, म्हणजे दोन विजय आणि चौदा पराभव! मुद्दा बिनतोड आहे. त्या वर्षी ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक मॅट शॉबने सलग चार मॅचमध्ये एकेक पिक-सिक्स दिला, म्हणजे त्याचा पास पकडून समोरच्यांनी थेट टचडाउन केला. ऑफेन्स खेळत असताना डिफेन्स बाहेर असतो, त्यामुळे त्या वेळी वॉट मैदानाबाहेर उभा. क्वार्टरबॅक बिघडला तर डिफेन्सवाला काय करणार? म्हणूनच मतं देणारे क्वार्टरबॅककडे झुकतात, आणि बहुतेक वर्षी ते बरोबरच असतात. २०१२ च्या एड्रियन पीटरसननंतर (तो बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक) क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुठल्या जागेवरच्या खेळाडूला हा पुरस्कार मिळालेलाच नाही.

पण मग डिफेन्सचा खेळाडू स्वतःच स्कोअरबोर्ड हलवायला लागला तर? २०१४ मध्ये ह्यूस्टनने फिट्झपॅट्रिक, मॅलेट, कीनम असे तीन क्वार्टरबॅक आलटून पालटून सुरुवातीला उतरवले आणि तरी ९-७ केलं. प्लेऑफ हुकला, हेच वॉटला नडलं. रॉजर्सचे ३८ टचडाउन आणि फक्त पाच इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), त्यामुळे अन्याय झाला असं म्हणणार नाही. माझ्याकडे मत असतं तर मात्र वॉटलाच दिलं असतं.