रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे मुद्दाम करतात का?

"डाळ गॅसवर होती. दहा मिनिटांनी बंद करा, एवढंच सांगून मी खाली भाजीला गेले. परत आले तर पातेलं काळं, घरभर धूर, आणि हे तिथेच चार हातांवर खुर्चीत बसलेले. विचारलं तर म्हणतात, हो, तू सांगितलं होतंस. मॅडम, याला मी काय समजू?"

भांडुपहून आलेल्या ताई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचे यजमान शेजारीच बसले होते. वय ४६, औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर, एकाच नोकरीत १९ वर्षं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोघं आले होते ते नवरा-बायकोच्या समुपदेशनासाठी. तक्रार नेहमीची वाटावी अशी: हे बोलत नाहीत, घरात लक्ष नाही, मुलीच्या दहावीचा निकाल लागला तरी उठून पेढे आणले नाहीत. मी पहिल्या दोन भेटींत त्याच वाटेने गेले. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं एकमेकांशी बोला, असा गृहपाठ दिला. दादांनी तो मान्य केला, मला परत म्हणून दाखवला, आणि एक दिवसही केला नाही. माझ्या वहीत मी तेव्हा 'सहकार्य कमी' असं लिहिलं. ते दोन शब्द मला आजही बोचतात.

तिसऱ्या भेटीत डाळीची गोष्ट निघाली आणि मी सहज विचारलं, "दादा, जळल्याचा वास नाही आला?"

"वास तर तेव्हापासून येतच नाही."

"केव्हापासून?"

"पडल्यापासून."

दहा महिन्यांपूर्वी, भर पावसात, रेल्वेच्या पुलाच्या ओल्या पायऱ्यांवरून ते मागे पडले होते. डोक्याची मागची बाजू आपटली. पंधरा-वीस मिनिटं शुद्ध नव्हती, पाच दिवस रुग्णालयात होते. तेव्हाच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात थोडा रक्तस्राव दिसला होता, तो जिरला. तीन महिन्यांनी काढलेला एमआरआय नॉर्मल आला आणि ते कामावर रुजू झाले. घरच्यांच्या लेखी तो विषय तिथे संपला, म्हणून त्यांनी सांगितला नाही. मीही विचारला नाही.

वास जाणं ही इथे छोटी गोष्ट नसते. नाकातून वासाचे बारीक धागे कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात. डोकं जोरात आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि हे धागे तुटू शकतात. त्यांच्या अगदी वर असतो मेंदूच्या पुढच्या खंडाचा खालचा भाग, डोळ्यांच्या खोबणीवरच्या खडबडीत हाडावर टेकलेला. म्हणून मार मागे बसला तरी घासटतो बहुतेकदा पुढचा भाग. काम सुरू करणं, अर्धवट राहिलेलं हातात धरून ठेवणं, मध्येच काही आलं तर मूळ कामाकडे परतणं, समोरच्याचा चेहरा पाहून आपलं वागणं बदलणं, हे सगळं त्या भागाच्या भरवशावर चालतं.

"पण एमआरआय नॉर्मल आहे ना?" ताईंचा हा प्रश्न मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. पेशींमधले अतिसूक्ष्म तंतू ताणले गेले असतील तर नेहमीच्या एमआरआयमध्ये ते दिसतीलच असं नाही. आणि रचना ठीक दिसली तरी तिच्याकडून काम कसं होतंय, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी काम करायला देऊनच पाहावं लागतं. न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट म्हणतात ते हेच.

हे नाव ऐकताच दादा पहिल्यांदा ताठ झाले. "म्हणजे वेडाची टेस्ट?" नाही. तिच्यात पास-नापासही नसतं. लक्ष, स्मरण, भाषा, वेग, आखणी यांचा एकेक करून अंदाज घ्यायचा आणि तुमच्याच वयाच्या, तुमच्याइतक्याच शिकलेल्या निरोगी माणसांशी ताडून पाहायचा. हे ताडणं आपल्या माणसांशी व्हायला हवं. बंगळुरूच्या निमहान्सने २००४ मध्ये वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष भेद लक्षात घेऊन भारतीयांसाठी जो चाचणीसंच काढला, त्याचा मोठा उपयोग इथेच होतो. दहावी झालेल्या माणसाला परदेशी पदवीधराच्या फुटपट्टीने मोजलं तर धडधाकट माणूसही आजारी ठरेल.

दोन सकाळी मिळून साधारण पाच तास लागले. दमलेला मेंदू खोटी उत्तरं देतो, म्हणून संध्याकाळची वेळ मी देत नाही. चष्मा आणलाय का, रात्री झोप झाली का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे आधी पाहिलं. मन उदास असेल तरी माणूस असाच बसून राहतो, म्हणून तेही नीट तपासलं. पण उदास माणसाला आतून जड वाटत असतं, बहुधा तो स्वतःला दोष देत असतो. दादा दुःखी नव्हते. त्यांच्या आत नुसतीच शांतता होती.

पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली, पाचव्या खेपेला त्यांनी तेरा सांगितले आणि अर्ध्या तासाने बारा. स्मरण उत्तम. मिनिटभरात प्राण्यांची नावं सतरा. 'क'वरून शब्द सांगताना मात्र कमळ, कप, कपाट, पुन्हा कमळ, आणि मग गप्प. पत्ते लावण्याच्या चाचणीत नियम न सांगता मध्येच बदलतो, रंगावरून जुळवणं चुकीचं ठरायला लागतं, आणि माणसाने ते ओळखून आकाराकडे किंवा संख्येकडे वळायचं असतं. दादा रंगावरच अडकले. सात-आठ वेळा 'चूक' ऐकल्यावर मान वर करून म्हणाले, "मॅडम, चुकतंय हे कळतंय मला. हात तिकडेच जातो."

मला आकड्यांपेक्षा हे वाक्य मोलाचं वाटलं. कारण आकडे एकूण बरेच चांगले होते. नुसता तक्ता पाहिला असता तर 'किरकोळ अडचण' म्हणून मीही फाइल मिटवली असती.

पण बंद खोलीत काम कोण सुरू करतं? मी. काम संपलं हे कोण सांगतं? मीच. समोर टेबल, एका वेळी एक कागद, शेजारी शांतता. ज्या भागाला इजा झाली त्याचं काम परीक्षकच करून टाकतो. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या ब्रिटिश संशोधकांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट दाखवली होती. डोक्याला मार लागलेली तीन माणसं खोलीतल्या बऱ्याच चाचण्यांत व्यवस्थित होती, बाजारात साधी कामं करायला पाठवल्यावर मात्र त्यांचा गोंधळ उडाला.

म्हणून आम्हीही दादरच्या बाजारात गेलो. यादी त्यांच्या हातात दिली: अर्धा डझन केळी, एक गजरा, एक निळं पेन, एका औषधाच्या दुकानाची बंद व्हायची वेळ विचारून लिहून आणायची, शंभर रुपयांच्या वर खर्च नाही, एका दुकानात दोनदा जायचं नाही, आणि सव्वाअकराला प्लाझा थिएटरपाशी मला भेटायचं. यादी त्यांनी मला समजावून सांगितली, एकही चूक नाही. मी दहा पावलं मागे राहिले.

केळी घेतली. मग भांड्यांच्या दुकानासमोर स्टीलचे डबे पाहत उभे राहिले. दोन बायका फेरीवाल्याशी भावावरून वाद घालत होत्या, तो संपेपर्यंत ऐकत राहिले. पुढे दुसरा केळीवाला दिसला तर पुन्हा अर्धा डझन. मनगटावर घड्याळ होतं, ते बघितलं नाही. साडेअकरा झाले तरी ते फुलवाल्यांजवळच. मी पुढे जाऊन विचारलं, "दादा, काय काय राहिलं?" खिशातून यादी न काढता त्यांनी घडाघडा सांगितलं: गजरा, पेन, औषधवाला, सव्वाअकरा. आणि तेव्हाच घड्याळाकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

हा प्रसंग मी ताईंना जसाच्या तसा सांगितला. मुद्दाम करतात का, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. माहीत असणं आणि हातून होणं यांच्यामधला पूल या माणसाचा खचलाय. त्यामुळे "सांगितलं होतंस" हे त्यांचं म्हणणं निर्लज्जपणाचं नाही, ते खरं आहे. पाहुण्यांसमोर नीट बोलतात, कारण पाहुणा प्रश्न विचारतो. घरी कुणी विचारत नाही. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ट्यूब चांगली आहे, स्टार्टर गेलाय." मी अहवालात दोन पानं लिहिली, पण एवढं नेमकं मला लिहिता आलं नाही.

ज्यांच्या घरी असंच काही चाललंय त्यांच्यासाठी थोडं. डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात किंवा मेंदूची शस्त्रक्रिया यांनंतर माणसाचा स्वभावच बदलल्यासारखा वाटत असेल, तर पडल्याची, आजाराची गोष्ट पहिल्या भेटीतच सांगा, कितीही जुनी असली तरी. ही तपासणी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्यावी. मुंबईत केईएम, सायन, नायर अशा पालिका रुग्णालयांच्या मेंदूविकार किंवा मनोविकार विभागात चौकशीला सुरुवात करता येते. आणि दोन महिन्यांत लगेच दुसरीकडे परत चाचणी करू नका. प्रश्न ओळखीचे झाले की गुण उगाच वाढतात.

दादांसाठी जे केलं ते साधं होतं. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवला. उरलेल्या अन्नाच्या डब्यांवर तारीख लिहायची, कारण आंबलेली आमटी त्यांना वासाने कळत नव्हती. फोनवर दिवसातून सहा वेळा टोन वाजतो, आणि वाजला की स्वतःला एकच प्रश्न: आत्ता काय करायचं ठरलं होतं? अहवाल वाचून मालकांनी त्यांना काउंटरवरून काढून आवक नोंदवहीवर बसवलं, एका वेळी एकच काम. पगार थोडा घटला. वास परत आलेला नाही, आणि आता इतक्या महिन्यांनी तो येईल अशी आशा मी त्यांना दाखवलेली नाही.

मागच्या भेटीत ताईंनी एक वेगळीच तक्रार आणली. रात्री आठचा टोन वाजला की हे विचारतात, तुझा दिवस कसा गेला. "घड्याळाने सांगितल्यावर विचारतात मॅडम. त्यात यांचं काय आलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दादांकडे पाहिलं.

ते जरा वेळाने म्हणाले, "विचारायचं दिवसभर मनात असतं. वाजलं की तोंडातून निघतं."

ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि माझ्याऐवजी त्यांच्याशीच बोलायला सुरुवात केली.