वायकिंग रून्सचे अर्थ कितपत खरे, आणि त्या साधनेसाठी वापरायच्या कशा?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: ऑनलाइन मागवलेल्या २५ दगडांच्या संचासोबत आलेल्या पुस्तिकेतले अर्थ खरे का, रोज कौल घ्यायचा तर पद्धत काय, आणि एखादी रून (उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीचं अक्षर) हातावर गोंदवली तर चालेल का. क्रमाने घेतो.

आधी संचातून कोरा दगड बाजूला काढा. तो पंचविसावा दगड १९८२ साली अमेरिकेत राल्फ ब्लम यांच्या पुस्तकासोबत आला. त्याआधी कोरी रून कुणाला माहीत नव्हती. उरलेले २४ जुने आहेत, पण ते वायकिंगांचे नव्हेत. २४ अक्षरांची ही माला, म्हणजे थोरला फुथार्क, साधारण दुसऱ्या ते आठव्या शतकातली. डेन्मार्कमध्ये विमोसे इथे सापडलेल्या फणीवर ‘हार्या’ असा शब्द कोरलाय, ती सुमारे इ. स. १६० ची. वायकिंग काळात, म्हणजे ८०० ते ११०० च्या दरम्यान, स्कँडिनेव्हियात १६ अक्षरांचा धाकटा फुथार्क चालायचा. स्वीडनमधला प्रसिद्ध र्‍योकचा शिलालेखही मुख्यतः त्यातच आहे. दुकानदार २४ ला ‘वायकिंग’ म्हणून विकतात, म्हणून हा घोळ.

अर्थांचं मूळ तीन कवितांमध्ये आहे: जुन्या इंग्रजीतली (२९ कडवी), नॉर्वेजियन आणि आइसलँडिक (प्रत्येकी १६). इंग्रजी कवितेचं हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळालं. १७०५ मध्ये छापलेली प्रत होती म्हणून कविता वाचली. पुस्तिका बाजूला ठेवून या तिन्हींची भाषांतरं वाचा, फरक लगेच कळेल. पहिली रून फेहू, म्हणजे गुरंढोरं, धन. पुस्तिका म्हणते ‘पैसा येणार’. नॉर्वेजियन आणि आइसलँडिक कविता म्हणतात, धनावरून भाऊबंदकी होते. इंग्रजी कविता म्हणते, धन सगळ्यांना सुखावतं, पण ज्याला मान हवा त्याने ते हात सैल सोडून वाटावं. म्हणजे ही रून आली की ‘किती मिळेल’ यापेक्षा ‘वाटणी कशी होईल’ हे आधी विचारायला हवं. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद झालेली घरं आपल्याकडे काही कमी नाहीत.

दुसरी, ऊरूझ, तर आणखी गंमतीची. इंग्रजी कवितेत ती रानबैल आहे, नॉर्वेजियनमध्ये खराब लोखंडातून निघणारा मळ, आणि आइसलँडिकमध्ये रिमझिम पाऊस. एकच अक्षर, तीन देशांत तीन वस्तू. त्यामुळे ‘ऊरूझ म्हणजे शक्ती’ हे कुणी ठामपणे सांगितलं तर समजा, त्याने फक्त इंग्रजी कडवं वाचलंय. ‘कौन’ या रूनचंही तसंच: उत्तरेकडे ती जीवघेणी गाठ किंवा गळू, इंग्लंडमध्ये मशाल. बाजारातल्या पुस्तिका मशाल उचलतात, कारण गळू विकलं जात नाही. अल्गिझला ‘संरक्षणाची रून’ म्हणतात. इंग्रजी कडव्यात ते दलदलीतलं धारदार गवत आहे. जो पकडायला जाईल त्याचा हात कापतं. संरक्षण म्हणा हवं तर, पण काट्याच्या कुंपणासारखं. नाउदिझ म्हणजे अडचण, गरज. छातीवर दडपण आणणारी, तरी वेळीच ओळखली तर मदत करणारी, असं इंग्रजी कविता सांगते. माझ्या मते संपूर्ण मालेत कौलासाठी सगळ्यात उपयोगी ओळ हीच.

गेबो (देणगी), वुन्यो (आनंद), एहवाझ (घोडा), दागाझ (दिवस), ओथाला (वडिलोपार्जित वास्तू) यांना उत्तरेच्या कविता नाहीत, कारण धाकट्या मालेतून ही अक्षरंच गळाली. त्यांच्यासाठी एकटी इंग्रजी कविता आधार. पेर्थ्रोचं कडवं बिअरच्या दिवाणखान्यातल्या खेळ-हास्याबद्दल बोलतं, पण ती वस्तू नेमकी कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ‘गूढ, नशीब, गर्भ’ हे सगळं विसाव्या शतकातलं. शिवाय फेहू, ऊरूझ ही २४ नावंही जशीच्या तशी कुठे कोरलेली सापडत नाहीत. भाषाशास्त्रज्ञांनी नंतरच्या नावांवरून मागे जात ती मांडली आहेत.

आता जुन्या काळी जादूसाठी वापर होत होता का? होत होता, पण लोक समजतात तितका नाही. स्वीडनमधले बहुतेक रूनदगड मेलेल्यांच्या आठवणीसाठी उभारलेत, आणि त्यांतल्या कितीतरींवर क्रॉस आहे. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये १९५५ च्या आगीनंतरच्या खोदकामात शेकडो कोरीव कांड्या निघाल्या. त्यांवर व्यापारी सामानाच्या मालकांची नावं, निरोप, एकावर तर ‘ग्यूदा म्हणतेय घरी ये’. दुसऱ्या बाजूला डेन्मार्कमधल्या रीबे इथला आठव्या शतकातला कवटीचा तुकडा आहे, भोक पाडलेला, ओडिन या देवाचं नाव असलेला. स्वीडनच्या ओलांद बेटावर सापडलेल्या तांब्याच्या छोट्या पत्र्यावर थॉर देवाने हातोड्यासह रक्षण करावं असं मागणं आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या सोन्याच्या पदकांवर ‘आलू’ हा मंत्रासारखा शब्द वारंवार येतो. लक्षात घ्या, यातल्या बहुतेक ठिकाणी एकटी रून नाही. शब्द आहेत, वाक्यं आहेत, देवाला हाक आहे. एकेक रून कोरण्याचे दाखले प्रामुख्याने साहित्यात आहेत: तलवारीच्या मुठीवर विजयाच्या रून्स कोरून टीर या देवाचं नाव दोनदा घ्यावं, असं एड्डा या जुन्या आइसलँडिक संग्रहातल्या एका काव्यात सांगितलंय. एगिल या कवी-योद्ध्याच्या ‘सागा’त (जुन्या आइसलँडिक गद्यकथेत) कुणीतरी अर्धवट ज्ञानावर व्हेलच्या हाडावर रून्स कोरतो आणि मुलगी अंथरुणाला खिळते. एगिल त्या खरवडून जाळतो, नव्या कोरून तिच्या उशीखाली ठेवतो. वाचता येत नसेल तर कोरू नये, असं तो श्लोकात बजावतो.

कौलाची सगळ्यात जुनी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसची, इ. स. ९८ ची, म्हणजे वायकिंगांच्या सातशे वर्षं आधीची. फळझाडाची फांदी तोडायची, तुकडे करून खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर टाकायचे, आकाशाकडे बघत एकेक करून तीन उचलायचे. त्या खुणा रून्सच होत्या असं तो म्हणत नाही. पण त्याने दिलेला एक नियम आजही जसाच्या तसा घ्यावा: नकार आला तर त्या दिवशी त्याच गोष्टीवर पुन्हा विचारायचं नाही. कौल बिघडतो तो इथेच. मनासारखं येईपर्यंत लोक पिशवीत हात घालत राहतात.

पद्धत अशी. साधारण ४५ सेंमी चौरस पांढरं सुती कापड अंथरा. प्रश्न वहीत लिहा, हो-नाहीचा नको. ‘नोकरी मिळेल का’ याऐवजी ‘या बदलात मी काय बघत नाहीये’ असा. न बघता तीन उचला आणि डावीकडून मांडा: मुळाशी काय, आत्ता काय, वळण कुठे. ही भूत-वर्तमान-भविष्याची मांडणी आधुनिक आहे; तीन नॉर्न देवतांशी जोडून सांगतात, पण जुना आधार नाही. आधी कवितेतली ओळ लिहा, मग तुमचा अर्थ, मग तारीख. महिन्याने पान उलटून बघा. उलट्या पडलेल्या रूनचा वेगळा अर्थ घ्यायचा की नाही हे उचलण्याआधी ठरवा. मी घेऊ नका म्हणेन: जुन्या लेखांत अक्षरं सर्रास उलटी, उजवीकडून डावीकडे कोरलेली दिसतात आणि त्याने अर्थ बदलत नाही, शिवाय गेबो, इसा, दागाझ या उलट्या केल्या तरी तशाच दिसतात. नाव उच्चारून ध्यान करत असाल तर शेवटचा ‘झ’ ‘माझा’मधला, ‘माझी’मधला नव्हे. रूनच्या आकाराची शरीरमुद्रा करणं मात्र १९२०-३० च्या जर्मनीतलं आहे, उत्तरेकडची परंपरा नव्हे.

दगडाचा संच ठीक, पण स्वतः कोरलेला लाकडी जास्त लक्षात राहतो. आंबा किंवा जांभळाची वाळलेली फांदी चालेल. फळझाडाची अटही पुरी होते. गोल चकत्या टाळा: ओलं लाकूड वलयाच्या दिशेने जास्त आकसतं, त्यामुळे चकतीला मध्यापासून कडेपर्यंत चीर जाते. त्यापेक्षा ४० × २५ × ६ मिमीच्या पट्ट्या घ्या, लाकडाच्या रेषा आडव्या ठेवून. रून्समध्ये आडव्या रेघा नसण्याचं कारण हेच सांगतात की लाकडाच्या रेषेत त्या हरवतात आणि चिरा पाडतात. आधी पृष्ठभागावर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या, २४ तास वाळू द्या, मग कोरा. उलटं केलंत तर रंग तंतूंमध्ये पसरून अक्षर फिसकटतं. आधी उभी रेघ, मग फांद्या, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून दीड-दोन मिमी खोल. गेरू जवसाच्या तेलात मळून खाचेत भरा, वरचा पुसा, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उलगडून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवा. जुन्या सागा-कथांमध्ये रक्त लावल्याचं येतं, गेरू पुरे. सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर बोटांना ओळख पटते आणि कौल तुम्हीच निवडता.

गोंदवण्याबद्दल. ‘वेगविसीर’ नावाची ती कंपासासारखी आकृती घेणार असाल तर ती १८६० च्या आइसलँडिक हस्तलिखितातली आहे. रूनही नव्हे, वायकिंगही नव्हे. दोन सोविलो (विजेच्या आकाराची ‘स’ची रून) शेजारी कधीच नको: ते नाझींच्या एसएस या दलाचं चिन्ह होतं. टोकांना पाय फुटलेली ओथालाही नाझींनी वापरली. जर्मनीत एसएसचं चिन्ह उघड दाखवणं दंड संहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे, दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तिकडे नोकरीला जायचं असेल तर हे आधी बघा. आपल्या स्वस्तिकाला तिकडे जे भोगावं लागतं तेच इथेही. अनेक रून्स एकात गुंफून घेणार असाल तर तीनपेक्षा जास्त नको, आणि कागदावर आरसा धरून बघा; नको असलेली रून आत तयार झालेली हमखास सापडते.

स्वतःचं नावच कोरायचं असेल तर माला आधी ठरवा. धाकट्या फुथार्कमध्ये ग, द, प, ए, ओ यांना स्वतंत्र अक्षर नाही. क, त, ब, इ, उ यांच्यावरच भागवायचं. ‘गोदावरी’ लिहायचं तर, ‘व’साठीही उ घेऊन, क-उ-त-आ-उ-आ-र-इ असं होईल. ते बघायला विचित्र वाटत असेल तर थोरला घ्या, त्यात ग, द, ओ आहेत. फक्त मग त्याला वायकिंग म्हणू नका. एकाच शब्दात दोन्ही माला मिसळणं ही गोंदणात सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि ती लेझरशिवाय निघत नाही.