बेळगावहून आई-बाबा आणि लहान मुलांना घेऊन पावसाळ्यात दोन दिवस आंबोलीला जायचंय. बेत कसा आखू?

शनिवार-रविवार टाळाच. मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते नि वयस्कर माणसांचे हाल होतात. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, सकाळचा चहा घेऊन निघालात तरी चालतं. वाटेत नांगरतास धबधबा रस्त्यालगतच आहे, आई-बाबांना सोपा.

हिरण्यकेशीला मात्र निवांत वेळ द्या. गुहेतून नदी उगम पावते, आणि तिथल्या कुंडात सापडलेल्या इटुकल्या माशाला नदीचंच नाव मिळालंय. २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मुलांना काठावर बसून पाणी निरखू द्या, हात घालू देऊ नका.

कावळेसादला वाऱ्यानं धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, सगळे चिंब होतात. कोरडे कपडे गाडीत ठेवा, मुलांचा हात सोडू नका. आणि जळवांसाठी मिठाची पुडी घ्याच.