रेल्वेचा डॉक्टर आणि दोन व्हिक्टोरिया क्रॉस

प्रश्न : माझे आजोबा बीएनआरमध्ये, म्हणजे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेत, नागपूरला फिटर होते. ते नेहमी सांगायचे की आमच्या रेल्वेच्या मोठ्या डॉक्टरसाहेबाला दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळालाय. घरात कुणाला ते खरं वाटायचं नाही. असं खरंच होतं का? आणि डॉक्टर तर लढत नाही, मग त्याला शौर्यपदक कसं काय? दोनदा मिळालं तर छातीवर दोन क्रॉस लावतात का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचे आजोबा शंभर टक्के खरं सांगत होते. त्या डॉक्टरांचं नाव आर्थर मार्टिन-लीक. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं युद्धातलं सर्वोच्च शौर्यपदक, दोनदा मिळालेला जगातला पहिला माणूस तोच, आणि बंगाल-नागपूर रेल्वेचा चीफ मेडिकल ऑफिसरही तोच, कलकत्त्याला.

जन्म 1874 चा, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकून डॉक्टर झाला, तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं (बोअर म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक, ते विरुद्ध इंग्रज), तर हा डॉक्टर असूनही आधी साधा घोडेस्वार शिपाई म्हणून भरती झाला आणि मग तिकडेच डॉक्टरकी करायला लागला. 8 फेब्रुवारी 1902, जागा व्लाकफाँटेन. उघडं माळरान, आडोसा असा काही नाही, आणि साधारण शंभर यार्डांवरून चाळीसेक बोअर गोळ्या झाडतायत. हा एका जखमीपाशी गेला, त्याला बघितलं, मग तिथून एका जखमी ऑफिसरकडे गेला, त्याला जरा नीट बसतं करत होता तेव्हा याला स्वतःला तीन गोळ्या लागल्या, तरी हात थांबले नाहीत, पार दमून कोलमडेपर्यंत काम चालूच. त्या जागी आठ जण होते, आठही जखमी. सगळे माळावर पडलेले असताना पाणी आलं, तर याने बाकी सगळ्यांना मिळेपर्यंत घोट घेतला नाही. हे मी रंगवून सांगत नाहीये बरं का, पदक जाहीर करताना सरकारी गॅझेटात कारण म्हणून हेच छापलंय, पाण्याच्या घोटासकट. मला तर गोळ्यांपेक्षा ते पाणीच जास्त लक्षात राहतं. रक्त गेलेल्या माणसाला तहान कशी लागते ते डॉक्टरला सांगावं लागत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. व्हिक्टोरिया क्रॉस 1856 मध्ये सुरू झाला, त्याची मूळ अट शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याची आहे, किती माणसं मारली याची नाही. आणि शत्रूसमोर उभं राहून उलटी गोळी न झाडता पट्टी बांधत राहणं, याला किती धैर्य लागत असेल विचार करा. आपल्याकडेही आहे की, कोरियन युद्धात आपल्या 60 पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्सचे (म्हणजे रणभूमीवर जखमींना सांभाळणाऱ्या लष्करी वैद्यकीय तुकडीचे) लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं, तेही डॉक्टरच.

आता मार्टिन-लीकची कारकीर्द. सर्जनला जखमी हात म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, याच्या हाताला तर चांगलीच इजा झाली होती, पण बरा होता होताच अभ्यास करून 1903 मध्ये एफआरसीएस, म्हणजे इंग्लंडमधली सर्जनची वरची पदवी, मिळवली आणि मग भारतात येऊन रेल्वेची नोकरी धरली. मधेच 1912 मध्ये बाल्कन युद्ध लागलं तर रेड क्रॉसबरोबर माँटेनेग्रोला जाऊन आला. 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा वय चाळीस. मायदेशी गेलो तर वयामुळे नाकारतील ही धास्ती, म्हणून सरळ पॅरिस गाठलं आणि तिथल्या ब्रिटिश वकिलातीत नाव नोंदवलं. बेल्जियममध्ये झोनेबेकजवळ 29 ऑक्टोबर ते 8 नोव्हेंबर 1914 या दिवसांत शत्रूच्या खंदकांना अगदी लागून पडलेले कितीतरी जखमी याने सतत गोळीबार चालू असताना उचलून आणले. त्यासाठी दुसऱ्यांदा तोच सन्मान.

पण क्रॉस दुसरा देत नाहीत. मूळ क्रॉस ब्राँझचा असतो, सोनं-चांदी काही नाही, वर फक्त ‘शौर्यासाठी’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द, मागच्या बाजूला मधल्या गोलात पराक्रमाची तारीख. दुसऱ्यांदा मिळालं की किरमिजी रिबनवर ब्राँझची एक आडवी पट्टी बसवतात, तिला ‘बार’ म्हणतात आणि दुसरी तारीख तिच्या मागे कोरतात. नुसती रिबनच लावायची असेल तर तिच्यावर चिमुकला क्रॉस असतो, बारवाल्याला दोन. म्हणजे आजोबांनी साहेबांना कधी युनिफॉर्मवर रिबन लावलेलं बघितलं असेल तर ते दोन बारके क्रॉस त्यांना दिसले असतील.

आजपर्यंत फक्त तिघांना हा बार मिळालाय. मार्टिन-लीक, नोएल चॅव्हास आणि न्यूझीलंडचा चार्ल्स अपहॅम. पहिले दोघंही डॉक्टर. आणि यातली एक गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. 1917 च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत चॅव्हास जबर जखमी झाला, त्याला मागे ब्रांडहूकच्या दवाखान्याकडे नेलं ते 46 व्या फील्ड अॅम्ब्युलन्सने, आणि त्या युनिटचा प्रमुख तेव्हा मार्टिन-लीक. 4 ऑगस्टला चॅव्हास गेला, त्याचा बार मरणोत्तर जाहीर झाला.

युद्ध संपल्यावर मार्टिन-लीक परत कलकत्त्याला, आपल्या रेल्वेच्याच नोकरीत. 1937 पर्यंत तिथेच होता. म्हणजे बघा, ज्या दोन लढायांनी त्याचं नाव झालं त्या धरून पंधरवडासुद्धा होत नाही, बाकी कितीतरी वर्षं शंटिंगमध्ये चिरडलेली बोटं, मलेरियाने फणफणलेले गँगमन, असल्याच रेल्वेच्या डॉक्टरकीची. निवृत्तीनंतर इंग्लंडला गेला आणि 1953 मध्ये वारला.

आजोबांचं सर्व्हिस बुक किंवा रेल्वे दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या घरात असतील तर रद्दीत टाकू नका, एकदा नीट चाळा. मेडिकल फिटनेसच्या कागदाखाली चीफ मेडिकल ऑफिसरची सही असेल आणि साल 1937 च्या आतलं असेल, तर ती बहुतेक याच माणसाची असेल. सापडली तर फोटो काढून आमच्याकडे नक्की पाठवा.