उद्याच्या नावावर उधारी

प्रिय मुली,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. दोनदा वाचलं, पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा काळजीने. पाच वर्षांचा तक्ता इतक्या नीटनेटक्या अक्षरात काढलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. आधी नवी नोकरी, मग तिच्या पगारावर घराचं कर्ज, तिसऱ्या वर्षी बढती, चौथ्या वर्षी आईबाबांना तुझ्याकडे आणायचं, पाचव्यापासून अर्धा वेळ मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कामाला. सगळं कसं रांगेत उभं. आणि पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत दाटीवाटीने एक ओळ: ‘देवावर भरवसा आहेच, काका.’

माझी नजर त्या ‘आहेच’मधल्या ‘च’वर अडकली.

कारण त्याच्याच वरच्या परिच्छेदात तू लिहिलंयस की नव्या ठिकाणच्या साहेबांनी फोनवर ‘तुमचं नक्की समजा’ म्हटलंय, नेमणुकीचं पत्र अजून यायचंय, आणि सोमवारी तू इथला राजीनामा देणार आहेस. पत्राची वाट बघत बसणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं तुला वाटतं.

मला तसं वाटत नाही. सोमवारचा राजीनामा थांबव. बाकीचं पत्र त्याच्या कारणांसाठी आहे.

मी अठ्ठावीस वर्षांचा असताना हेच केलं होतं. एका ठिकाणाहून तोंडी होकार आला होता. रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली, मन शांत झालं, आणि मन शांत झालं त्या अर्थी देवाने होकार दिला, असं मी ठरवून टाकलं. (झोप चांगली लागली, एवढाच त्याचा अर्थ होता, हे आता कळतं.) सकाळी राजीनामा हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद वाचला आणि पुढे न पाठवता आपल्या खणात ठेवून दिला. म्हणाले, ‘दोन दिवस राहू दे इथेच. तिकडचा कागद हातात आला की वर पाठवतो.’ मला ते लागलं. मी म्हटलं, ‘माझा देव कागदांवर चालत नाही.’ काय तो रुबाब! त्यांनी एक शब्दही न बोलता खण उघडला, कागद बाहेर काढला आणि त्यावर आवकचा शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज अजून कानात आहे.

तिकडची जागा भरलीच गेली नाही. नऊ महिने घरी होतो. पैशाची ओढाताण झाली, पण ती जाते. जाता जाईना ते दुसरंच. मी देवावर रुसलो. प्रार्थनेला बसलो की मनात एकच वाक्य घोळायचं: तू शब्द फिरवलास. त्याने मला शब्द दिलाच नव्हता, हे लक्षात यायला फार वेळ गेला. शब्द माझा मीच मला दिला होता आणि खाली सही मात्र त्याची ठोकली होती.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय तुला पाठ असेल. ‘आज किंवा उद्या अमुक शहरी जाऊ, तिथे वर्षभर राहू, व्यापार करू, पैसा मिळवू’ असं म्हणणाऱ्यांना तो सुनावतो की तुम्हाला उद्याचं ठाऊक नाही, तुम्ही वाफेसारखे आहात, क्षणभर दिसता आणि विरून जाता. हे वचन उपदेशात नेहमी देवाला विसरलेल्या धंदेवाईकांवर टाकलं जातं. पण याकोब लिहितो मंडळीतल्या माणसांना. आणि व्यापार करू नका असं तो कुठेही म्हणत नाही. त्यांच्या वाक्यात शहर ठरलेलं आहे, मुदत ठरलेली आहे, नफाही ठरलेला आहे. त्यात ‘नाही’ म्हणायला देवाला जागाच ठेवलेली नाही, ही त्याची तक्रार. ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे किंवा ते करू’ असं म्हणा, एवढंच तो सांगतो. त्यातलं ‘जगू’ आधी येतं, बघ. बेताच्या आधी श्वासच त्याच्या मर्जीवर.

आता या वाक्याचंही आपण काय केलं ते सांगायला नको. जुन्या पत्रांत लोक बेताच्या पुढे ‘डी. व्ही.’ अशी लॅटिन आद्याक्षरं टाकत. ‘देवाची इच्छा असल्यास’ हा त्यांचा अर्थ. आपण बोलता बोलता ‘देवाची मर्जी’ म्हणतो. पुष्कळदा ते पत्रावर तिकीट लावावं तसं असतं: मजकूर आपलाच, फक्त तो पोचावा म्हणून वर चिकटवलेलं. तुझ्या पत्राच्या तळाची ओळ मला जरा तशीच वाटली. रागावू नकोस.

पण तुझी चूक याकोबाच्या त्या व्यापाऱ्यांची नाही. ते देवाला हिशेबात धरत नाहीत, तू जरा जास्तच धरतेस. तुला सावध करायचं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सैतानाने येशूला मंदिराच्या उंच टोकावर उभं केलं आणि म्हणाला, घे उडी. वर शास्त्रवचनही ऐकवलं, एक्याण्णवावं स्तोत्र: देवदूत तुला हातांवर झेलतील. वचन खरंच होतं. त्यावर येशूचं उत्तरही वचनाचंच, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं: तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. माझ्या मते भरवसा आणि धिटाई यांच्यातली रेघ इथे सगळ्यांत ठळक दिसते. पाय घसरला तर तो सावरेल, यावर विसंबावं. तो सावरतो की नाही हे बघायला आपणच पाय सोडावा, हे वेगळं. बाहेरून दोन्ही पडणी सारखीच दिसतात.

आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणून आळशाला हसतात. उडी मारणाऱ्याला मात्र कुणी हसत नाही, कारण तो आळशी नसतो, धडाडीचा असतो. दोघांचा हिशेब एकच, की माझं काम देव करेल.

मग काय, बेतच आखायचे नाहीत? असं म्हणणारे लोक मला भेटलेत, आणि त्यांची बिलं बहुतेक वेळा दुसरंच कुणी भरत असतं. मिसरचा राजा फारो याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितल्यावर योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावला. ती शिल्लकच होती, आणि ती टाकण्याची सद्बुद्धी देवाचीच होती. तेव्हा तुझ्या बचतीला, विम्याला माझा काडीचाही विरोध नाही.

पण मला याहून जवळची वाटते ती मान्नाची, म्हणजे रानात इस्राएल लोकांना आकाशातून मिळालेल्या अन्नाची, गोष्ट. निर्गमाचा सोळावा अध्याय. माणशी एक ओमर (हे मापाचं नाव) गोळा करायचा, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. काहींनी उरवलाच. सकाळी त्यात किडे आणि दुर्गंधी. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा हुकूम, आणि तो रात्रभर ठेवला तरी ना किडा, ना वास. मान्ना तोच, भांडं तेच. पाच दिवस जे साठवणं अविश्वास ठरलं, तेच सहाव्या दिवशी आज्ञापालन. शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवशी तरीही काही जण भांडी घेऊन बाहेर पडले आणि रिकाम्या हाताने परतले. म्हणजे साठवणं चूक की बरोबर, हा प्रश्नच तिथे नाही. त्या दिवसापुरतं काय सांगितलंय, ते ऐकलं का, हा आहे. आणि पुढे यार्देन ओलांडून कनानचं पीक खायला लागल्यावर मान्ना थांबला. चाळीस वर्षं पडत आलेली गोष्ट बंद. तिथून पुढे जमीन, नांगर आणि पाऊस. देव तोच होता, पण ‘काल असं मिळालं म्हणून उद्याही असंच मिळेल’ हा हक्क त्याने कुणाला लिहून दिला नाही.

तू लिहिलंस ना, ‘आजपर्यंत प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी वाट निघाली’? त्याची आठवण ठेव, कृतज्ञतेने ठेव. मात्र ती पावती आहे. तिला पुढच्या तारखेचा चेक समजू नकोस.

प्रेषित पौलाचा रोमचा प्रवास एकदा सावकाश वाच, प्रेषितांची कृत्यं, सत्ताविसावा अध्याय. पौलाने रोमकरांना किती हौसेने लिहिलं होतं, तुमच्याकडे येतो आणि तिथून पुढे स्पेनला जातो. पोचला तो कैदी म्हणून. वाटेत क्रेत बेटावरच्या ‘सुंदर बंदर’ नावाच्या जागी जहाज थांबलं. यहुद्यांचा शरदातला उपासाचा दिवस उलटून गेला होता, म्हणजे समुद्र धोक्याचा झाला होता. पौल म्हणाला, पुढे जाऊ नका. पण बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं होतं, आणि कैद्यांवरच्या रोमी अधिकाऱ्याचा, शताधिपतीचा, विश्वास तांडेल आणि जहाजाचा मालक यांच्यावर. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. आपला हेतू साधला असं त्यांना वाटलं आणि त्यांनी नांगर उचलला. मुली, हा मंद वारा नीट ओळखून ठेव. तुझ्या साहेबांचा ‘नक्की समजा’ हा त्याच जातीचा आहे. अनुकूल वारा म्हणजे देवाचा होकार, असं हा प्रवास लिहिणारा लूक लिहीत नाही. थोड्याच वेळात ईशान्येकडून तुफान आलं.

चौदाव्या रात्री खलाशांनी जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना करू लागले. मला हे वाक्य फार आवडतं. नांगरही टाकले, प्रार्थनाही केली. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. त्याआधीच देवदूताने पौलाला सांगितलं होतं की तुझ्याबरोबरच्या एकाचाही जीव जाणार नाही. पक्कं वचन. तरीही खलाशी गुपचूप होडी पाण्यात सोडून पळू लागले तेव्हा तोच पौल शिपायांना म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. वचन हातात असलेला माणूस खलाशांवर नजर ठेवून होता! शेवटी कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, असे 276 जण माल्टाच्या किनाऱ्याला लागले. जहाज गेलं. ते वाचेल असं देवाने कधी म्हटलंच नव्हतं.

तुझ्या तक्त्यात जहाज कुठलं आणि माणसं कुठली, हे बसून वेगळं कर. देव तुला सोडणार नाही, हे वचन आहे. अमुक पगार, अमुक महिन्यात बढती, चौथ्या वर्षी घर, हे तुझे अंदाज आहेत. चांगले आहेत, पण अंदाज. माझी एक ओबडधोबड कसोटी आहे: हे घडलं नाही तर मी ‘देवाने फसवलं’ म्हणेन का? म्हणणार असेन, तर मी वचन नसलेल्या जागी वचन लिहिलंय. आणखी एक बघायचं. बेत फसला तर भुर्दंड कुणावर? कर्जाला जामीन म्हणून तू बाबांचं नाव घालणार आहेस. तुझ्या विश्वासाची उडी, आणि खाली त्यांची मान. हे मला पटलेलं नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. हे वाचून तू घाबरशील, तक्ता फाडशील, रात्री छताकडे बघत पडशील, असं मला आताच दिसतंय. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण चिंता आणि फुशारकी सख्ख्या बहिणी आहेत. एक म्हणते उद्या चांगलाच जाणार, दुसरी म्हणते वाईटच. दोघींनीही उद्या पाहिलेला नसतो, आणि दोघी आजचा दिवस खातात. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असं येशू म्हणाला. त्यात दिवसाला दुःख नसेल असं कुठे आहे?

शिवाय भरवशाने केलेला व्यवहार धाडसी असू शकतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला, संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी देवाच्या सांगण्यावरून तो अनाथोथचं शेत 17 शेकेल रुपं देऊन विकत घेतो. शहर पडणार हे त्यानेच सगळ्यांना सांगितलेलं. तरी चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर मोहर करतो, आणि एक मोहरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेवून घेतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. देवाचा शब्द कानात होता, तरी कागद चोख! माझ्या त्या खणवाल्या हेडक्लार्कना ही गोष्ट फार आवडली असती.

तर, सोमवारी नेहमीसारखी कामावर जा. फोनवर बोललेल्या साहेबांना नम्रपणे लिही की नेमणुकीचं पत्र मिळाल्यावर मी राजीनामा देईन. त्यात कमीपणा काही नाही. कर्जाचा अर्ज पहिले दोन-तीन पगार होईपर्यंत बाजूला ठेव आणि बाबांचं नाव काढ. मंडळीच्या कामासाठी पाचवं वर्ष कशाला हवं? या रविवारी लहान मुलांच्या वर्गाला माणूस कमी आहे, असं तूच लिहिलंयस. तो तास तुझ्या हातातला आहे.

तक्ता मात्र फाडू नकोस. त्याची एक प्रत माझ्याकडेही राहू दे, प्रार्थनेला बसताना समोर ठेवीन. पत्र आलं की कळव. नाही आलं तरी कळव, आणि तेव्हा आधी फोन कर.

तुझा,
काका